भाऱ्याची वाट आणि माझं वाकडं चाक

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे आणि माझं पुढचं चाक वाकडं आहे. दर फेरीला ते एकदा ब्रेकला घासतं आणि चुकचुक वाजतं. बोईसरचे दामूकाका माझी दुरुस्ती करतात. ते दरवेळी म्हणतात, "रिंग आउट झालीय, बदलून टाक." पण माझी मालकीण तेजल त्यांना बदलू देत नाही. का, ते सांगते. जरा वेळ लागेल, कारण थोडक्यात बोलणं मला जमत नाही.

माझा जन्म पंजाबातल्या कारखान्यातला. निळा रंग, एकवीस गिअर, पुढे दोन जाडजूड शॉकअप, टायरांवर हे एवढाले खवले. डोंगरात चालवायची सायकल म्हणून मला बोईसरला पाठवलं. मला वाटलं, आता डोंगर बघायचा. कुठला डोंगर आणि काय! मेहुल नावाच्या गृहस्थांनी मला पोट कमी करण्यासाठी घेतलं, चार दिवस स्टेशनपर्यंत फिरवलं आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभं केलं. तिथं माझी तीन वर्षं गेली. हँडलवर ओले टॉवेल, सीटवर पापडाचं ताट. कबुतरांचं तर विचारूच नका. त्या गॅलरीतून पूर्वेला डोंगराची निळी रेघ दिसायची. तिच्याकडे बघत बघत मी गंजत होते.

मग तेजल आली. ती दातिवऱ्याची, कोळ्यांच्या घरातली. बोईसरच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये कामाला. तिची आई जयवंती डोक्यावर म्हावऱ्याची पाटी घेऊन दारोदार मासे विकते. ही आई लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तेजलनं मला मेहुलभाईंकडून मागून घेतलं, दामूकाकांकडून घासूनपुसून तेल घालून घेतलं, आणि एका रविवारी पालघरच्या पुढे मोरखड्याच्या माळावर नेलं.

मित्रांनो, मी पहिल्यांदा कातळ पाहिला तो तिथं. काळाभोर, उन्हानं तापलेला, एकसंध. वर माती नाही, झाड नाही, फक्त भेगांतून उगवलेलं पिवळं गवत. पश्चिमेकडे बघावं तर तारापूरकडच्या कारखान्यांच्या चिमण्या, आणि त्यांच्यापलीकडे समुद्राची पांढुरकी पट्टी. पायाखालचा दगड किती जुना असेल याचा विचार करून माझी तर घंटीच बंद झाली. मी लोखंडाची, माझं वय जेमतेम चार वर्षं. त्या दगडापुढे माझी ती काय कथा? मी तेजलला गुपचूप वर नेलं, गुपचूप खाली आणलं आणि त्या दिवशी एकदाही कुरकुरले नाही.

त्यानंतर दर रविवारी आम्ही माळावर. हळूहळू सायकलवाल्यांचा एक गट जमला. त्याचा म्होरक्या कमलेश, एका कारखान्यातला इलेक्ट्रिशियन. मनानं चांगला, पण उतावळा. गेल्या हिवाळ्यात त्यानं ठरवलं, आपल्या भागात डोंगर उतरण्याची शर्यत घ्यायची. नाशिक-पुण्याची मुलं बोलवायची आणि आपल्याकडचा सगळ्यात चांगला खडकाळ उतार त्यांना दाखवायचा. उतार कुठला, हे तेजलनं ठरवायचं, कारण दगडावर चाक कुठं टाकावं हे तिच्याइतकं गटात कोणालाच कळत नाही. मी काय सांगू तुम्हाला, माझं सीट आपोआप वर झालं. निवडणारी तेजल, पण उतरणारी कोण? मीच ना!

डिसेंबरातल्या एका रविवारी तेजल आणि कमलेश सकाळीच निघाले. संध्याकाळपर्यंत गटाला उतार कळवायचा होता. पायथ्याशी देवू नावाच्या माणसाची चहाची टपरी आहे. त्यानं तीन वाटा सांगितल्या: विजेच्या टॉवरखालची उतरण, सुकलेला ओहळ आणि भाऱ्याची वाट. भारा म्हणजे डोक्यावरून आणायचं गवताचं नाहीतर लाकडाचं ओझं. देवूनं नाव सांगितलं, आम्ही ऐकलं आणि चहा पिऊन चालू लागलो. त्या नावाचा विचार करायला हवा होता. पण उतार म्हटलं की आमच्या डोक्यात फक्त चाकं फिरतात.

टॉवरखालची उतरण म्हणजे नुसती सुटी खडी. ब्रेक दाबला तरी घसरतोय, सोडला तरी घसरतोय. कमलेशला वेग आवडला, पण तेजलनं वहीत लिहिलं, "धूळ जास्त, कसब कमी." ओहळात तर म्हशीएवढे धोंडे. तिथं सायकलनं माणसाला न्यायचं सोडून माणसानंच सायकल खांद्यावर घ्यायची. तेजलनं मला तासभर खांद्यावर वाहिलं. मला फार संकोच वाटला.

आणि मग दुपारी भाऱ्याची वाट.

खरं सांगते, असा उतार मी जन्मात पाहिला नव्हता. वरून बघितलं तर तोंडचं पाणी पळावं इतका उभा, सगळा कातळ आणि धोंडे. पण चाक टाकलं की कळायचं. कुठलीच पायरी गुडघ्याच्या वर नाही. जिथं घसरेल असं वाटावं तिथं नेमका एक खरखरीत दगड. जिथं वळण अंगावर येतं तिथं बोटभर कललेली लादी, जी चाकाला अलगद आत ओढून घेते. मी उतरत होते आणि मनात म्हणत होते, हे कोणी केलं? डोंगराला कसं कळलं मला काय हवंय ते? तेजलनं अर्ध्या वाटेत ब्रेक लावून मागे वळून बघितलं. "कमलेशदादा," ती म्हणाली, "मला कसंतरीच होतंय रे. देवळात गेल्यावर होतं तसं."

"मग ठरलं. हीच वाट," कमलेश म्हणाला.

फक्त एक अडचण होती. मधल्या वळणावर माणसापेक्षा थोडा उंच, माथ्यावर सपाट असा एक धोंडा आहे. त्याच्या पायथ्याशी दोन चपटे दगड एकावर एक ठेवलेले होते. वळताना चाक त्यांना अडायचं. कमलेशनं एक दगड उचलून झुडपात टाकला. दुसरा तेजलनं ढकलला, तो गडगडत खालच्या घळीत गेला. मग आम्ही ते वळण पुन्हा घेतलं, एकदम लोण्यासारखं. मीही खूश झाले, खोटं कशाला बोलू? तेजलनं मला धोंड्याच्या पायथ्याशी आडवं निजवलं, बरोबर ते दगड होते त्या जागी. दोघं दहा पावलांवर सावलीत बसले. तेजल वहीत लिहू लागली.

तेवढ्यात वरून गवताचा भारा आला.

भाराच म्हणायचं, कारण माणूस दिसतच नव्हतं. कपाळ, डोळे, कान सगळं लोंबत्या गवताखाली. खाली दोन पाय, अनवाणी, काळे, भेगाळलेले. आणि ते पाय काय उतरत होते, मित्रांनो! आम्ही हेल्मेट घालून, गुडघ्यांना पट्टे बांधून, जीव मुठीत धरून जी वाट उतरलो, ती वाट ते पाय खाली न बघता उतरत होते. बघणार कसे? डोक्यावर भारा असला की मान खाली करता येत नाही. प्रत्येक दगड त्या पायांना पाठ होता. मी सगळं विसरून बघत राहिले.

मग ते पाय धोंड्याकडे वळले आणि माझ्या लक्षात आलं. हा धोंडा विसाव्याचा आहे. भारा दुसऱ्या कोणाच्या मदतीशिवाय टेकवायची ही एकच जागा. आणि धोंडा थोडा उंच, म्हणून खाली ती दोन दगडांची पायरी. जी आम्ही काढली होती.

"मावशी, थांबा," तेजल ओरडून उठली. गवतात झाकलेल्या कानांना ते कुठलं ऐकू येतंय? उजवा पाय उचलला गेला, पायरीच्या उंचीवर पुढे आला आणि खाली आला. पायरी नव्हती. मी होते.

तो पाय माझ्या पुढच्या चाकावर पडला, तारा जिथं जुळतात त्या मधल्या तुंब्याला लागून. एका बाईचं आणि एका भाऱ्याचं सगळं वजन. माझ्या चार तारा तुटल्या. रिंग वाकली. मी कळ सोसली आणि हलले नाही. आयुष्यात एवढी ताठ मी कधी राहिले नव्हते. वर भारा धोंड्यावर टेकला, धप्प आवाज झाला, आणि गवताखालून एक घामेजलेला चेहरा बाहेर आला. साठीकडे झुकलेली बाई, पाड्यावरची, नाव ठकी.

तिनं खाली बघितलं. "माझी पायरी कुटं गेली?"

कमलेश म्हणाला, "मावशी, आम्ही काढले दगड. वाटेत येत होते."

"वाटंत नाय तं कुटं येतील? वाटंचेच हायेत ते." ठकीमावशी रागावली नव्हती, नवल करत होती. "माझ्या सासूनं ओढून आनले. त्याच्या आदी बाया इथं पडायच्या. ही सगळी वाट अशीच झाली, बाय. जिथं कोनाचा पाय घसरला, तिथं तिनं दगड बसवला."

डोंगराला कसं कळलं, असं मी विचारत होते ना? डोंगराला नव्हतं कळलं. तो खरखरीत दगड, ती कललेली लादी, सगळं कोणी ना कोणी पडून, उठून, पुढचीसाठी बसवलेलं होतं. कातळ पाहून माझी घंटी बंद झाली होती. हे ऐकून ती वाट मला त्या कातळाहूनही मोठी वाटली.

घाम पुसून ठकीमावशी म्हणाली, "हात लाव गं बाय. तुमच्या सायकलीवर परत पाय नाय ठेवत."

तेजल पुढे झाली. भाऱ्याखाली तळवा, दुसरा हात कडेला, गुडघे जरा वाकवलेले, "हां" म्हणताच एका दमात वर. मावशीनं गवताखालून विचारलं, "तुला कोनी शिकवलं?"

"आई पाटी उचलते, म्हावऱ्याची," तेजल म्हणाली. "लहानपणापासून मीच हात लावते." आणि तिला रडू आलं. "मावशी, मला कळायला पायजे होतं. दुसऱ्या कोणाला नाय कळलं तरी मला."

"आता कळलं ना? मंग बसवा," मावशी म्हणाली आणि उतरू लागली.

कमलेशनं झुडपातला दगड शोधला. घळीतला दगड फुटला होता. तेजल तासभर दुसरा हुडकत होती. बसवायची, वर उभी राहायची, डुगडुगला की पुन्हा काढायची. ऊन उतरायला लागलं तेव्हा दगड हलायचा थांबला.

"मग गटाला काय कळवायचं?" कमलेशनं विचारलं. तेजलनं वही त्याच्यापुढे धरली. तिथं लिहिलं होतं, "सगळ्यात चांगला उतार भाऱ्याची वाट. शर्यत टॉवरखाली." कमलेशनं दोनदा वाचलं. मग मला खांद्यावर घेतलं आणि पायथ्यापर्यंत आणलं.

शर्यत झाली. पाहुणे खडीवरून घसरले, धूळ खाल्ली, आणि याहून चांगला उतार नव्हता का तुमच्याकडे, म्हणून कुरकुरले. तेजल त्यांना पाणी देत फिरली.

आता मी शर्यतीच्या कामाची नाही. दामूकाकांनी तारा नव्या घातल्या, पण रिंग तशीच आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. तीन वर्षं मी टॉवेल वाळवले, दोन वर्षं डोंगर उतरले, पण खरी कामाला आले ती पायरी झाले तेव्हा. अजूनही तेजल मला माळावर नेते, आणि भाऱ्याची वाट आली की उतरून मला हातात धरून चालवते. त्या वळणावर ती आधी दगडावर पाय देऊन बघते.

तुमची सायकल तुम्ही जपालच, तेल घालाल, कोरड्या जागी ठेवाल. माझं मागणं वेगळंच आहे. मित्रांनो, डोंगरात वाटेवर ठेवलेला दगड दिसला तर तो हलवू नका. वरून कोणीतरी भारा घेऊन येत असेल आणि तिला खाली बघता येत नसेल.