मी चर खणला, मीच बुजवला

मी एक जुनी कुदळ आहे. एका बाजूला टोक, दुसऱ्या बाजूला पसरट पाते. टोकाने खणायचे, पात्याने माती ओढायची. मित्रांनो, माझ्यासारखीने आपली हकिगत क्रमाने सांगावी, अशी रीत आहे. भट्टी, काम, कौतुक, गंज. मी प्रयत्न करते. पण एक रविवार सारखा आडवा येतो. सांभाळून घ्या.

भट्टी

लाल झाले, ठोकली गेले, पाण्यात बुडाले. पाणी चरचरले. त्याहून जास्त काही आठवत नाही.

काम

एका प्लंबरने मला दुकानातून उचलले, नखाने वाजवून पाहिले आणि घरी आणले. दांडा त्याने स्वतः बसवला. पुढची तीस वर्षे आम्ही दोघांनी लोकांच्या दारापुढची जमीन उकरली, पाइप टाकले, खड्डे बुजवले. संध्याकाळी तो मला पुसून तेलाचा बोळा फिरवी.

"शेजारपाजार हसतोय," त्याची बायको आतून म्हणे. "बायकोपेक्षा कुदळीला जपतो म्हणून."

"ती उलट बोलत नाही ना!"

"मग जेवायलाही तिच्याकडेच मागा."

आणि त्यांची लहान मुलगी दोघांकडे बघून खिदळे. मित्रांनो, माझे कौतुक झाले ते एवढेच, पण ते पुरेसे होते.

पुढे बायको गेली. गुडघे गेले, म्हणून कामही गेले. मुलगी मोठी झाली आणि तिने सायकल दुरुस्तीचे दुकान काढले.

त्या रविवारी साखळी वाजली आणि

नाही. आधी टेकडी.

टेकडी

गावाच्या टोकाला सार्वजनिक उद्यान आहे. त्यात एक टेकडी, टेकडीवर एकच मातीची वाट. सकाळी तिथे चालणारे येत, संध्याकाळी डोंगरी सायकलवाले. उद्यानाकडे माणसे कमी, म्हणून वाट राखण्याचे काम दोन्ही गटांनी वाटून घेतले होते. चालणाऱ्यांमध्ये पुढे होता माझा प्लंबर. तिथे सगळे त्याला प्लंबरकाका म्हणत. सायकलवाल्यांची पुढारी होती त्याचीच मुलगी. तिला सगळे ताई म्हणत.

टेकडीच्या पायथ्याशी पत्र्याची खोली होती. काकांनी मला तिथे ठेवले. घमेले, दोन फावडी, दाताळे आणि मी. दाराला साखळी, आणि साखळीत दोन कुलपे एकमेकांत अडकवलेली, एक चालणाऱ्यांचे, एक सायकलवाल्यांचे. कोणतेही एक उघडले की साखळी सुटे. काळजी एकच घ्यायची. आपले कुलूप लावताना ते दुसऱ्याच्या कुलपात अडकवायचे. थेट साखळीच्या कडीत अडकवले, तर दुसऱ्याचे कुलूप नुसते लोंबत राहते, आणि त्याची किल्ली असून नसल्यासारखी.

चर

भांडण एका वळणावरून होते. तिथे वाटेच्या एका अंगाला टेकडी आणि दुसऱ्या अंगाला खोल घळ. वरून येणारे पाणी वाटेवरच मुरू नये, म्हणून काकांनी तिथे आडवा चर खणला. खणला म्हणजे मी खणला. पाणी चरातून सरळ घळीत जाऊ लागले.

पण उतारावरून येणारे सायकलचे चाक त्याच चरात आपटे. एका सायकलवाल्याचे गळ्याजवळचे हाड मोडले. त्या संध्याकाळी ताईने चर बुजवला. बुजवला म्हणजे मीच बुजवला.

सकाळी काकांनी उघडला. संध्याकाळी ताईने बुजवला. असे पंधरा-वीस दिवस. तीच माती, तीच मी. माझे टोक एकाचे झाले, पाते दुसऱ्याचे.

एकदा दोघे त्या वळणावर समोरासमोर आली.

"बाबा, माझ्या गटातल्या पोराचं हाड मोडलंय. तुम्हाला चर खणायची हौस आहे, तर घरी अंगणात खणा."

"तुझा पोर हळू आला असता तर?"

"आणि तुमचे चालणारे जरा बाजूला झाले असते तर? वाटेच्या मधोमध चालतात, वाट जणू त्यांच्या तीर्थरूपांची!"

"त्यांचं सोड. पाणी कडेला मुरलं ना, तर कडच निसटेल बघ."

"गेली का आजवर?"

"जाताना सांगून जात नाही ग."

मग काका खाली बसले आणि मातीत बोटाने आकार काढला. चर अरुंद न ठेवता तो उथळ आणि रुंद करायचा, बशीसारखा. पाणीही जाईल, चाकही अलगद उतरेल. पण दिवसभराचे काम, आणि किमान दोन माणसे.

"रविवारी ये," ते म्हणाले. "दोघं मिळून करू."

ताई आकाराकडे बघत राहिली. मला वाटले, होणार.

"आधी तुमच्या लोकांना विचारा," ती म्हणाली. "मागच्या वेळी मी आले होते. तुमच्या त्या निवृत्त हेडमास्तरांनी मला वर्गाबाहेर उभं केल्यासारखं सुनावलं."

दोन्ही गट मग उद्यानाच्या अधीक्षकसाहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "तुमचं तुम्ही ठरवा आणि लेखी द्या." लेखी कोणीच दिले नाही.

शनिवार, संध्याकाळ

ताईने चर बुजवला. त्या दिवशी ती एकटीच होती. माती बुटाने दाबताना ती फोनवर बोलत होती. मला फक्त तिचा आवाज ऐकू येत होता.

"नाही. नाही येणार मी."

"कारण तुम्ही नेहमी तिसऱ्याच कोणाच्या बाजूने उभे असता, बाबा. आईच्या वेळीही तेच."

"बरं. ठेवते."

मला आत टाकले, दार ओढले. साखळी, मग कुलूप. खट्. आवाज नेहमीसारखाच होता. कुलूप कुठे अडकले, ते आतून दिसत नाही. मुद्दाम की रागाच्या भरात, हे मला ठाऊक नाही. मला वाटते, तिलाही ठाऊक नाही.

त्या रात्री धो धो पाऊस झाला.

रविवार

मी काही पाहिले नाही. ऐकले तेवढे सांगते.

काठीचा आवाज. काका.

किल्ली. कुलूप उघडले.

साखळी ओढली. सुटली नाही.

पुन्हा ओढली.

"अरेच्चा."

पुन्हा. पत्रा थरथरला. मी दाराच्या मागेच टेकलेली होते. आमच्या दोघांत एक पत्रा होता, मित्रांनो, एक पातळ पत्रा.

मग फोनची बटणे. वाजत राहिलेली रिंग. पूर्ण वाजली, थांबली. पुन्हा लावला. पुन्हा पूर्ण वाजली.

"झोपली असेल," काका स्वतःशीच म्हणाले. मग जरा वेळाने, "असू दे. हातानेच मोकळा करू थोडा."

काठी दूर गेली. वळण खोलीपासून दोनशे पावलांवर. बराच वेळ काही नाही. पक्षी. पागोळ्या.

मग एक आवाज झाला. ओले पोते जमिनीवर टाकावे तसा. मग त्यामागे दगड, एक, दोन, खूप.

काठी वाजली नाही.

नंतर

ताईला काका दोन तासांनी घळीत सापडले, हे मी पुढे लोकांच्या बोलण्यातून ऐकले. ती सायकल घेऊन वर आली, तेव्हा वळणावर वाट अर्धीच उरली होती. चर हाताने वीतभर उकरलेला होता, आणि त्याच्यापुढची कड नव्हती. तिची हाक मला खोलीत ऐकू आली. ती हाक मी सांगणार नाही.

नवव्या दिवशी दवाखान्यातच काका वारले.

मग खोलीपुढे सभा भरली. तिथेही मी आतच होते.

"कुलूप कोणी अडवलं?" हेडमास्तरांचा आवाज.

"तुमचंच नीट लागत नव्हतं!" एक सायकलवाला.

"चर बुजवला नसता तर कड गेली असती का?"

"म्हातारा माणूस एकटा गेलाच कशाला? कुठे होता तुमचा गट? झोपला होता?"

"मी अडवलं," ताई म्हणाली.

मग तिचाच एक सोबती घाईने म्हणाला, "ताई, तू गप्प बस. तू आत्ता भानावर नाहीस." आणि हेडमास्तर म्हणाले, "ऐकलंत? ऐकलंत ना सगळ्यांनी?" आणि दोन्हीकडून पुन्हा आरडाओरडा सुरू झाला. तिचे वाक्य दोघांनी वाटून घेतले. एकाने लपवायला, एकाने नाचवायला. तिच्याजवळ मात्र कोणी गेले नाही. मला पावलांचा आवाज कळतो.

साहेबांनी त्याच आठवड्यात वाट बंद केली. तारेचे कुंपण, वर पाटी. खोलीतले सामान चौकशीसाठी जमा झाले. मला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधून कचेरीत कपाटामागे उभे केले.

गंज

इथे कोणी तेलाचा बोळा फिरवत नाही. पात्यावर पुळ्या आल्या आहेत. दांड्याला उभी चीर गेली आहे. उपेक्षेबद्दल मी पुष्कळ सांगू शकते, पण माझे काय एवढे? लोखंड आहे.

परवा ताई आली. टेबलाशी लिपिक बसला होता.

"कुदळ हवी होती. बाबांची."

"चौकशी संपेपर्यंत देता येत नाही ताई. अर्ज करा."

"केलाय. दोनदा."

"मग तिसरा करा. आणि कशाला हवीये? वाट तर बंद आहे. कोण जातंय तिकडे?"

"पाणी जातंय," ताई म्हणाली. "उरलेली कड निसटली, तर खाली पायऱ्या आहेत. तिथे लोक बसतात."

लिपिकाने नवा कागद पुढे सरकवला. तिने लिहायला हात टेबलावर ठेवला, तो मला कपाटामागच्या फटीतून दिसला. नखांच्या कडा फाटलेल्या होत्या आणि त्यांत ओली माती होती. लिपिकाने ते पाहिले, मग खिडकीबाहेर पाहिले. तिने अर्ज लिहिला, सही केली आणि गेली. कपाटामागे तिने वाकून पाहिले नाही. मी हाक मारू शकत नाही. मी उलट बोलत नाही ना.

मित्रांनो, मला पुसा, रंगवा, संग्रहालयात ठेवा, असे मी म्हणणार नाही. तुम्ही भांडाल. भांडा. वाट सगळ्यांची असली की भांडण होणारच, आणि दोन्ही बाजूंना थोडे थोडे खरे असणारच. माझे मागणे फार लहान आहे. सगळ्यांच्या दाराला कुलूप लावलेत, कितीही रागात लावलेत, तरी लगेच निघून जाऊ नका. ज्याच्याशी भांडलात, त्याला बोलवा आणि म्हणा, "तुझी किल्ली लावून बघ." दार उघडेपर्यंत तिथेच उभे राहा.