दोन ठोके

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे. माझी फीत वाळली आहे, कळा पिवळ्या पडल्या आहेत. पण एके काळी देशाच्या प्रमुखांच्या कचेरीत माझा काय थाट होता! कारखान्यातून निघताना तपासनीसाने माझी एकेक कळ दाबून पाहिली. एकही अडली नाही. एखादी अडली असती तर बरं झालं असतं, असं पुढे फार वाटलं.

टंकलेखिका बाईंचा माझ्यावर जीव होता. रोज सकाळी त्या ब्रशने माझी अक्षरं घासत. "आधी तुझे दात, मग माझा चहा," म्हणत. महत्त्वाचा शब्द मोकळा उभा राहावा म्हणून त्याच्या आधी चार घरं कोरी सोडायची त्यांना सवय होती. साहेबांचं गाजलेलं भाषण आम्हीच उतरवलं होतं. 'निरपराध माणसाचा जीव घेऊन टिकणारं सरकार मला नको,' असं त्यात होतं. त्या दिवशी मी अगदी फुशारून गेलो होतो.

मग फाशीच्या एका कैद्याचा दयेचा अर्ज आला. त्याची आई रोज येऊन बाहेरच्या बाकावर बसे. नव्या चौकशीत तो निर्दोष निघाला होता. साहेबांनी अहवाल दोनदा वाचला आणि म्हणाले, "लिहा बाई. अर्ज मंजूर."

बाईंनी लिहिलं. सही तेवढी राहिली होती, इतक्यात पक्षाचे सरचिटणीस आले.

"लोक त्याच्यावर खवळलेत, साहेब. पंधरा दिवसांवर मतदान आलंय. एका माणसापायी सगळं पाण्यात घालायचं?"

साहेबांनी सहीसाठी उचललेलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी कागद बाईंकडे सरकवला.

"मंजूरच्या आधी जागा आहे ना?"

"आहे, साहेब."

"तिथे 'ना' घाला."

बाईंचे हात कापत होते. न आणि काना, दोनच ठोके. मी नेहमीसारखाच सुरळीत चाललो.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नोकरी सोडली. जाताना त्या बाकापाशी थांबल्या, पण त्या आईशी बोलायचा धीर त्यांना झाला नाही. साहेब निवडणूक जिंकले.

संगणक आले आणि मी अडगळीत पडलो. निवृत्त झाल्यावर साहेबांनी मला शोधून घरी आणलं. आता रोज दुपारी ते कागद लावतात, चार घरं सोडतात आणि एकच शब्द लिहितात, 'मंजूर'. फीत वाळलेली असल्यामुळे काहीच उमटत नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, वेळेवर तेल घाला. पण तुम्ही यंत्र होऊ नका. हात कापू लागले तर तिथेच थांबा. मला थांबता येत नव्हतं, तुम्हाला येतं.

साहेब आले वाटतं. कागद लावताहेत.