ऑगस्टातलं बंदर

चार दिवस धम्मदीप घरात असून नसल्यासारखा वागत होता, आणि मथुराबाईंच्या मते हा आईचा सरळसरळ अपमान होता. म्हातारी बाई दापोलीहून विमानात बसून बहारीनला येते, आणि हा लेक ड्यूटीवरून आला की अराद वस्तीतल्या आपल्या दोन खोल्यांत समुद्राचा नकाशा पसरून बसतो! विचारलं तर "हं." पुन्हा विचारलं तर "आये, नंतर."

"संघप्रिया, तुझा नवरा मुका झालाय का गं?"

"साहेबांनी कामच तसं दिलंय," सून म्हणाली. तिचाही चेहरा उतरलेला.

काम असं होतं. धम्मदीप मेकॅनिक होता त्या कंपनीच्या इंग्रज साहेबाची यॉट तिकडे कॅरिबियन समुद्रात उभी होती. बहारीनमध्ये ऑगस्टात अंगाची लाही होते, साहेबलोकांच्या रजा तेव्हाच. म्हणून अठ्ठ्याण्णवच्या ऑगस्टात साहेब बेटाबेटांनी फिरणार आणि इंजिन सांभाळायला धम्मदीपला नेणार. कुठल्या रात्री कुठल्या बंदरात बोट बांधायची, डिझेल कुठे, पाणी कुठे, धक्क्यावर वीज कुठे, ही यादी त्याने करायची. आज साहेबाचा फोन यायचा होता. उद्या मरिनांना, म्हणजे तिकडच्या बोटींच्या धक्क्यांना, फॅक्स.

मथुराबाई दुसरीपर्यंत शिकलेल्या. इंग्रजी अक्षरं म्हणजे त्यांना मुंग्यांची रांग. पण दाभोळच्या खाडीत लाँच चालवणाऱ्या तांडेलाच्या त्या बायको. जमीन कुठली नि पाणी कुठलं, हे त्यांना कागदावरही दिसत होतं. चष्मा चढवून त्या खाली बसल्या.

"वरच्या बेटांना गोल केलेस. ही खालची खोडलीस ती का?"

"ग्रेनाडा आणि त्रिनिदाद. साहेबांना नकोत. तिथे नुसती दुरुस्तीची यार्डं, म्हणतात. त्यांना अँटिगा पाहिजे, सेंट मार्टिन पाहिजे. हॉटेलं, पार्ट्या."

"आणि तुला?"

धम्मदीप पुन्हा यादीकडे वळला.

"त्या समुद्राचा पावसाळा कधी रे?"

तो उगाच नकाशाचा कोपरा सारखा करू लागला. "जून ते नोव्हेंबर. ऑगस्ट-सप्टेंबर सगळ्यात वाईट. वादळं वरच्या बेटांवर जास्त. त्रिनिदादपर्यंत क्वचित उतरतात. तीन वर्षांमागे सेंट मार्टिनच्या खाडीत, आत बांधलेल्या बोटीसुद्धा शेकड्यांनी फुटल्या."

मथुराबाईंनी चष्मा काढून हातात घेतला.

"म्हणजे तुला सगळं ठाऊक आहे! आषाढात आपल्याकडे कोणी होडी खाडीबाहेर काढत नाही, आणि तू वादळाच्या तोंडात जायची यादी सुबक अक्षरात लिहितोस?"

"आये, माझा व्हिसा त्यांच्या सहीवर आहे. नाही म्हटलं तर खलास."

"आणि बोट बुडाली तर व्हिसा पोहतो का?"

संघप्रियाला हसू आलं, आणि लगेच ओढणी तोंडाशी धरून ती रडायलाच लागली. तेवढ्यात फोन वाजला.

दोनदा घंटी वाजेपर्यंत धम्मदीप नुसता बघत राहिला. तिसरीला उचलला.

"येस सर. लिस्ट रेडी, सर."

मथुराबाईंनी डोळे मिटले. झालं, पोरगं हातचं गेलं.

"नो सर. नॉट सेंट मार्टिन. ग्रेनाडा अँड त्रिनिदाद ओन्ली. ऑगस्ट इज बॅड, सर."

मग तो बराच वेळ ऐकत राहिला. एसी चालू असून मानेवरून घाम उतरत होता.

"देन आय अ‍ॅम नॉट कमिंग, सर."

त्याने फोन ठेवला. "वरच्या बेटांना येणार नाही म्हटलं. विचार करतो म्हणाले. शनिवारी ऑफिसात बोलावलंय."

"चिडले का हो?" संघप्रियाने विचारलं.

"कसं कळणार? त्यांचा आवाज चढतच नाही."

मथुराबाई भिंतीचा आधार घेत उठल्या आणि लेकासमोर उभ्या राहिल्या.

"नोकरी राहते की जाते ते शनिवारी कळेल. धास्ती मलाही आहे. पण माझा निकाल आजच ऐक, धम्मा. समुद्र तुला कळतो, साहेब कळत नाही. पहिल्याच दिवशी हे बोलला असतास तर त्यालाही चार दिवस आधी अक्कल आली असती. तुला भित्रा म्हणणार होते, ते मागे घेते. तू उशिरा शहाणा होतोस, एवढंच. आणि ते काही माझ्याकडून आलेलं नाही."