छत्तीसचे त्रेसष्ट

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. आमचे हे मॅट्रिकच्या गणितात दोनदा आपटलेले, आणि पास झाले तरच कंपनीत वायरमन होणार. म्हणून निगडीच्या खोलीत मीच त्यांना शिकवायला बसले. शाब्दिक उदाहरणं त्यांना झकास जमायची. दोन अंकी संख्येतल्या अंकांची बेरीज नऊ, अंकांची अदलाबदल केली तर संख्या सत्तावीसने वाढते. दशक क्ष, एकक य मानून दोन समीकरणं मांडायचे आणि छत्तीस काढून मिशीला पीळ द्यायचे. पण मी तोंडाने 'छत्तीस' म्हटलं, की सहा आधी ऐकू येतो म्हणून सहाच आधी लिहायचे. झाले त्रेसष्ट. "देवानं कान उलटे लावलेत तुमचे," मी चिडवायचे.

अखेर हे पास होऊन वायरमन झाले. त्यांचे जिवाभावाचे दोस्त शफीभाई त्याच कंपनीत मेकॅनिक होते. एके दिवशी ते छत्तीस नंबरच्या मशीनची मोटर उघडणार होते. फोरमनने फोनवर ह्यांना सांगितलं, "छत्तीसची लाइन बंद कर." विजेचे खटके शेडच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून ह्यांनी नंबर ऐकला तसा तळहातावर लिहिला आणि जाऊन त्रेसष्टचा खटका ओढला. शफीभाईंनी मोटरला हात लावला, तो सुटलाच नाही.

साहेबांनी चूक मेलेल्या माणसावर ढकलली. शफीने लाइन तपासली नाही, म्हणे. ह्यांना बजावलं, "भीमराज, तू गप्प राहा, नोकरी राहील." मला साहेबांचा संताप आला, आणि हायसंही वाटलं. हायसं वाटलं याचा संताप त्याहून जास्त आला. हे मात्र रोज डबा भरलेलाच परत आणायचे. शेवटी म्हणाले, "इंदू, चल. भाभीला खरं सांगून येऊ."

नूरभाभी नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीत होत्या, परपुरुषासमोर यायच्या नाहीत. मधे पडदा होता. हे बाहेर बसले, मी आत भाभींजवळ.

"भाभी, शफीची चूक न्हाई. खटका म्याच चुकीचा वढला."

"कसा चुकला? मला समजंल असं सांगा."

ह्यांनी कागदावर दोन्ही नंबर लिहून पडद्याखालून आत सरकवला. भाभींना आकडे तेवढे ओळखता यायचे. त्यांनी एकेकावर बोट ठेवलं.

"ह्यात बी तीन आन् सहा, त्यात बी तीन आन् सहाच. मग आकडा कंचा चुकला?"

"आकडा न्हाई चुकला, भाभी. जागा चुकली."

भाभींनी कागद माझ्याकडे दिला.

"आकडे दोन्ही बरुबर हायेत," त्या म्हणाल्या. "मग माझा माणूस कशानं मेला?"