खासदार हायल यांचा विरोध

दुसऱ्या दिवशी संसदेत अंदाजपत्रकावर मतदान होतं आणि हायल सकाळपासून घरात येरझारा घालत होता.

हायल माझा चुलतभाऊ, आमच्या भागाचा विरोधी खासदार. त्याचं भाषण मी लिहून दिलं होतं. कॉलेजात शिकल्याचा घराण्याला तेवढाच उपयोग. आमच्याकडे विरोधक सरकारवर मनसोक्त आग ओकतात आणि नाव पुकारलं की ‘मंजूर’ म्हणतात. हायल मात्र खरोखरच ‘नामंजूर’ म्हणणार होता. तत्त्वबित्त्व काही नव्हतं. या अंदाजपत्रकाने डिझेल महागणार होतं आणि मागच्या वेळी महागलं तेव्हा गावाने आधीच्या खासदाराचं घर पेटवलं होतं. ते गृहस्थ आता राजधानीत, अम्मानला जावयाकडे असतात.

“नामंजूर म्हटलं तर सरकार काय करेल रे?”

“रस्ता देणार नाही.”

“आणि मंजूर म्हटलं तर?”

“रस्ता देईल. टायर जाळायला गावाची सोय होईल.”

“तुला चेष्टा सुचतेय!”

दुपारी दारात गाड्यांची रांग लागली. काळे झगे घातलेली वडीलधारी मंडळी उतरली, पुढे शेख जदआन. हायलचा चेहरा खुलला. त्याच्या मुलीसाठी, नौफसाठी, शेखांच्या नातवाचं बोलणं कधीपासून चाललं होतं.

सगळे भाऊबंद बैठकीत जमले. कॉफी आली. शेखांनी प्याला घेतला आणि न पिता समोर ठेवला. म्हणजे मागणं आहे. शब्द मिळाल्याशिवाय पाहुणा पिणार नाही.

“हायल, बाळा, आम्ही तुझ्याकडे एक—”

“लाजवू नका, शेखसाहेब! जे मागायला आलात ते दिलं. प्या कॉफी!”

शेखांनी एका घोटात प्याला संपवला. आतून बायकांनी आनंदाचा गजर केला.

“अल्लाह तुझं भलं करो,” शेख म्हणाले. “अर्थमंत्री उगाच काळजीत होते. मी म्हटलं, हायल आपलाच आहे, उद्या मंजूर म्हणेल.”

आत गजर चालूच होता.

“आणि... नौफ?”

“तिचं बघू की निवांत. आधी देशाचं.”

मंडळी गेल्यावर हायलने माझं मनगट धरलं. “शब्द फिरवता येईल?”

“एवढ्या लोकांदेखत? मग आपल्या दारात कॉफी प्यायला कुत्रंही येणार नाही.”

दुसऱ्या दिवशी मी प्रेक्षकांच्या सज्जात होतो. हायलने माझं भाषण असं गाजवलं की टीव्हीवर बघणाऱ्या गावाकडून ‘शाबास वाघा’चे संदेश थांबेनात. संध्याकाळी नावं पुकारायला सुरुवात झाली. त्याची पाळी आली तेव्हा नुसते ओठ हलले.

“सन्माननीय सदस्य, ऐकू आलं नाही,” अध्यक्ष म्हणाले. “माईकमध्ये बोला.”

“मंजूर.”

सरकारी बाकं दणाणली. बाकीची नावं पुकारून होईपर्यंत माझा फोन वाजला. हायलची बायको होती.

“भावजी, घराबाहेर माणसं जमलीत.”

“घोषणा देताहेत?”

“नाही हो. कुणी बोलतच नाहीये. नुसते उभे आहेत.” तिचा आवाज एकदम खाली गेला. “अंधार पडतोय. दिवे लावू की नको?”