खालच्या कोपऱ्यातला मळ

"अहो, तुमचं नाव काही सापडत नाही," नेमत म्हणाली. जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन तिनं तिसऱ्यांदा पानं चाळली होती. "पुस्तकाच्या छापखान्याचं तेवढं आहे. तेही शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात."

छपाईतला उस्ताद, उस्ता मेतवल्ली, शाईचे हात तसेच धरून बायकोसमोर उभा होता. "इनासबाईंनी लिहिलेलं वाच. कोपऱ्याबद्दलचं."

नेमतनं वाचलं : 'रागेब आपल्या प्रत्येक चित्राच्या खालच्या कोपऱ्यात शाईची धूसर पट्टी मुद्दाम ठेवतात. शहर सोडून जाणाऱ्यांना दिसणारा तो शेवटचा किनारा. चित्रकाराच्या तळहातानं तो पुसायला नकार दिला आहे.'

"तळहात!" तिनं पुस्तक आपटलं. "त्या मेल्यानं जन्मात कधी तळहात काळा केलाय?"

अलेक्झांड्रियातल्या त्या गल्लीत तीस वर्षं रागेबच्या जस्ताच्या पत्र्यांवर शाई भरणारा आणि पुसणारा हात उस्ताचा होता. आधी जाळीच्या कापडानं पुसायचं, मग खडूची भुकटी लावलेला तळहात फिरवायचा. कोरलेल्या रेघांत शाई राहते, बाकीचा पत्रा लख्ख होतो. पण दुसऱ्याच वर्षी उस्ताची करंगळी यंत्राच्या रुळाखाली चेंगरली आणि कायमची ताठ झाली. तेव्हापासून तळहाताची कड कोपऱ्यात नीट टेकत नसे, आणि थोडी शाई मागे राहायची. खालच्या उसळवाल्या बेखीतच्या भिंतीवर उस्तानं दिलेली एक जुनी प्रत होती. तिचा तो कोपरा बेखीतनं एकदा चक्क साबणानं घासून पाहिला होता. "उस्ता, सगळं झकास करता, मग एवढाच मळ कसा राहतो हो?" असं तो येता-जाता चिडवायचा.

इनासबाई म्हणजे चित्रांवर लिहिणाऱ्या नावाजलेल्या बाई. हिवाळ्यात तीन आठवडे त्या इथल्या स्टुलावर बसल्या, नेमतच्या हातचा चहा प्यायल्या. ती करंगळी त्यांनी स्वतः हातात धरून पाहिली होती. "उस्ता, पुस्तकात एक अख्खं पान तुमचं," असं म्हणाल्या होत्या. उस्तानं फोटोसाठी नवं जाकीट शिवून घेतलं आणि गल्लीभर सांगून ठेवलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, असं त्याला आता वाटत होतं. त्याहून जास्त लाज वाटत होती ती आपल्या भाबडेपणाची.

दुपारी दोघं आले. रागेबच्या काखेत नवा पत्रा होता, बाईंच्या गळ्यात कॅमेरा.

"पाहिलंस ना पुस्तक? काय वजनदार झालंय!" रागेबनं त्याच्या पाठीवर थाप मारली.

"पाहिलं. बाई, करंगळी विसरलात?"

इनासबाई कॅमेऱ्याशी चाळा करत राहिल्या. "वाईट वाटून घेऊ नका, उस्ता. लोकांना चित्रामागे एकच माणूस लागतो. बोट चेंगरलं म्हणून डाग पडतो, असं लिहिलं असतं तर त्या किनाऱ्यात उरलं काय असतं?"

"आणि तू रे? तुला तर सगळं ठाऊक होतं."

"अरे, पहिल्या वेळी 'राहू दे तो डाग' असं कोण म्हणालं? मीच ना?" रागेब हसला. "मग तो माझाच झाला. चल, शाई भर. पुसताना बाईंना माझा फोटो हवाय."

रागेबच्या आईच्या जनाज्याला उस्तानं खांदा दिला होता. रमजानात दोघांनी कितीदा तरी एकाच ताटात रोजा सोडला होता. हे सगळं ओठांवर आलं होतं. त्यानं शाई भरली, जाळीनं पुसली आणि खडूत आज पहिल्यांदाच डावा हात बुडवला. चारही कोपरे स्वच्छ पुसले. ओला कागद ठेवला, वर लोकरीचं कापड घातलं आणि चाक फिरवलं.

कागद उचलला, तर कोपरा पांढरा स्वच्छ.

"किनारा कुठाय?" रागेब ओरडला.

"तुझ्या तळहातात. पुस्तकात लिहिलंय तसं." उस्तानं पुन्हा शाई भरून पत्रा त्याच्यापुढे सरकवला. "काढ की. बाई फोटो घेतील."

रागेबनं बाह्या सरसावल्या, तळहात टेकवला, खसाखसा घासला. दुसऱ्या कागदावर काळा राडा उतरला. इनासबाईंनी कॅमेरा पिशवीत ठेवला.

"एका बोटासाठी तीस वर्षं मोडतोस?" पत्रा काखोटीला मारून रागेब दारातून म्हणाला.

"बोट माझं होतं," उस्ता म्हणाला.

संध्याकाळी तो खाली उतरला. पुस्तक आलं का, असं बेखीत विचारणारच होता, म्हणून त्यानं ती पहिली, पांढऱ्या कोपऱ्याची प्रत गुंडाळून बरोबर घेतली. "पुस्तकाचं राहू दे," तो आधीच म्हणाला. "तुझी ती मळकी काढ, ही लाव."

बेखीतनं उसळीचे हात फडक्याला पुसले, कागद उजेडात धरला. खालच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग पुन्हा एकदा फिरवलं.

"ही तुमची नाही, उस्ता," तो म्हणाला. "कुणी छापली?"

उस्तानं डावा हात मागे घेतला. बेखीतनं कागद पुन्हा गुंडाळून त्याच्या हातात दिला, जुन्या चित्राखालचं टेबल पुसलं आणि त्यावर उसळीची वाटी ठेवली.