गरुडाला मगरीचे डोळे

“काका, या गरुडाकडे बघून मला मगर का आठवते हो?”

संग्रहालयाच्या मॅडमनी सहज विचारलं, पण पेंढावाले काका हातातलं काम टाकून गरुडाजवळ आले. मेलेल्या प्राण्यांच्या कातड्यात पेंढा भरून त्यांना उभं करायचं, हे त्यांचं एकतीस वर्षांचं काम. कालच त्यांनी गरुडाचे आणि मगरीचे धुरकटलेले डोळे काढून नवे काचेचे बसवले होते. दोन्ही जोड पिवळे, एकाच मापाचे. त्यांनी भिंग लावलं. बराच वेळ काही स्पष्ट दिसेना. मग दिसलं. गरुडाची बाहुली गोल असते. इथे ती उभ्या चिरेसारखी होती. गोल बाहुल्या शेजारच्या मगरीला लागल्या होत्या.

“अदलाबदल झाली,” ते हळूच म्हणाले. “माझ्याकडूनच.”

“असू द्या. उद्या दालन उघडायचंय. कुणाच्या लक्षात येतंय?”

“तुमच्या आलंच की.”

“काका, कातडी साठ वर्षांची आहे. फाटली तर दुसरा गरुड आणायचा कुठून?”

हे त्यांनाही ठाऊक होतं. स्वतःच्या हातांवर त्यांचा कधीच फारसा भरवसा नव्हता, आणि डोळ्यांवर तर आता मुळीच नव्हता. तरी ते म्हणाले, “संध्याकाळपर्यंत वेळ द्या.” मग त्यांनी घरी फोन करून बायकोला बोलावून घेतलं.

“एवढ्या वर्षांत कधी नाटकाला नेलं नाहीत,” ती नाकाला पदर लावत म्हणाली, “आणि आणलंत ते या कुबट वासात!”

“तू फक्त बघ. हात माझे.”

गरुडाच्या आणि मगरीच्या पापण्यांवर ओला कापूस ठेवून ते चार तास बसून राहिले. घाई केली असती तर कातडी तडकली असती. मग बोथट सुईने, बोटांनी चाचपत, त्यांनी गरुडाच्या पापणीची कड उचलायला घेतली.

“अहो, थांबा! ताणतेय.”

ते थांबले. पुन्हा कापूस, पुन्हा सुई. डाव्या पापणीला केसाएवढी चीर गेलीच.

“झालं वाटोळं.”

“काही वाटोळं झालं नाही. पिसाखाली झाकून जाईल. चला पुढे.”

मगरीचेही डोळे काढून गोल बाहुल्या गरुडाला बसवल्यावर त्यांनी मगर घेतली.

“बाहुली उभी आहे का गं?”

“जरा कललीय. डावीकडे फिरवा. माझ्या डावीकडे हो! हां, बास.”

पाच वाजता ते मागे सरले. “आता सांग, कसे दिसतात?”

ती बघत राहिली. “गरुडाला लांबचं काहीतरी दिसलंय. आता झेप घेईल.”

“आणि मगर?”

“तिला कसली घाई नाही. आपणच जवळ येऊ, म्हणून बसलीय.”

काकांनी मान डोलावली. काचेचं कपाट लावलं, बोटाने कुलपाचं भोक शोधून किल्ली फिरवली आणि ती मॅडमच्या हातावर ठेवली.

“गरुडाच्या डाव्या पापणीला चीर आहे. पुढच्या माणसाला सांगून ठेवा.”

“पुढचा माणूस?”

काका एकेक सुई पुसून डबीत ठेवत होते.